रानातला मुक्काम

मुक्काम दोन तऱ्हेचा असतो. एक तळाचा आणि एक वाड्याचा.

तळ आपण सर्वांनी पाहिला आहे. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. नीरा ओलांडून ती आपल्या सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. लाखो माणसं एका माळावर उतरतात. तिथं पाण्याचे टँकर येतात. दिवाबत्ती येते, डॉक्टर येतात, संडास उभे राहतात. पालखी पुढं गेली की झाडलोट होते. तळावरच्या माणसाची काळजी घ्यायला मागं मोठी व्यवस्था असते.

वाडा म्हणजे इथं पाटलाचा चौसोपी वाडा नव्हे. धनगराचा वाडा. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या कोरड्या मुलखातले मेंढपाळ पाऊस संपला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात. कोणी नदीकाठच्या काळ्या रानात जातात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरं, बरोबर कुत्री. चार घरांचा मिळून एक वाडा. आज या शेतात, परवा त्या माळावर. मेंढ्यांभोवती वाघर लावायची, म्हणजे जाळी. तीन दगडांची चूल मांडायची. घोंगडी अंथरायची आणि आभाळाखाली झोपायचं. तिथं टँकर येत नाही, डॉक्टर येत नाही. मागं झाडायलाही कोणी येत नाही. सगळी व्यवस्था ज्याची त्यानंच करायची.

आज आम्ही या दुसऱ्या मुक्कामाबद्दल लिहिणार आहोत. डोंगरात, झाडीत, गावापासून दूर, थोड्या माणसांनी विखरून केलेला मुक्काम. हा मुक्काम आता धनगराचाच राहिलेला नाही. शहरातली मुलं पाठीवर पिशव्या घेऊन येतात. कासच्या बाजूला, बामणोली-तापोळ्याला, चांदोलीकडे येतात. छोटे तंबू ठोकतात आणि रात्र काढतात. आपल्या गावातली पोरं त्यांना वाट दाखवतात, भाकरी करून घालतात. त्यातून चार पैसे मिळतात. आपणही हिरडा, मध, शिकेकाई गोळा करायला डोंगरात जातो आणि कधी रात्र तिथंच पडते. म्हणून हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

विखरून का उतरायचे?

धनगर एका जागी फार दिवस का राहत नाही? चारा संपतो हे एक कारण. दुसरं कारणही आहे. मेंढ्या दोन रात्री बसल्या तर लेंडीखतानं शेताचं सोनं होतं. म्हणून तर शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो आणि वर धान्य किंवा पैसे देतो. पण त्याच जागी महिनाभर मेंढ्या बसल्या तर गवताची मुळंही उरणार नाहीत. जे थोडं असतं तेव्हा खत होतं, ते फार झालं की घाण होते.

माणसाचंही तसंच आहे. चार माणसं एका रात्रीपुरती गवतावर झोपली, तर आठवड्यात गवत पुन्हा उभं राहतं. चाळीस माणसं त्याच जागी दर शनिवारी झोपली, तर तिथं फुफाटा होतो. पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि खाली खडक दिसू लागतो.

कासचं पठार घ्या. वर जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. काही ठिकाणी तर बोटभरच माती. तेवढ्या मातीत पावसाळ्याच्या शेवटी फुलांचे गालिचे उठतात. त्यातली काही झाडं सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे कुठं आढळत नाहीत. सन २०१२ मध्ये युनेस्को या जागतिक संस्थेनं पश्चिम घाटातली काही ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. महाराष्ट्रातली चार होती. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिली तीन आपल्या सातारा-सांगलीच्या आसऱ्याची आहेत. अशा पठारावर तंबूची मेख ठोकली, शंभर पायांनी चिखल तुडवला, तर ती बोटभर माती पुन्हा भरून यायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

तेव्हा नियम सोपा आहे. जिथं आधीच जमीन तुडवलेली आहे, ठरलेला माळ आहे, तिथंच उतरावं. नवी जागा तुडवू नये. आणि अगदी नव्या जागी उतरणं भाग पडलं, तर थोड्यांनी, विखरून, एक रात्र राहून पुढं निघावं.

विखरून राहण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. सन १९४२ च्या चळवळीनंतर त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सोबती सन १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. डोंगरात, उसात, रानातल्या वस्त्यांवर त्यांनी रात्री काढल्या. ठिकाणं बदलत राहिले. मागं खूण राहिली तर पोलीस येणार, ही त्यांची अडचण होती. आज आपल्या मागं पोलीस नाहीत. पण आपण गेल्यावर जागेवर खूण राहू नये, हा धडा आजही उपयोगाचा आहे.

जागा कोणाची?

डोंगर दिसायला मोकळा असतो. पण मोकळा दिसतो म्हणून तो बिनमालकीचा नसतो. उतरण्याआधी जागा कोणाची हे विचारावं.

पहिली जागा मालकीची. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची परवानगी घ्यावी. दुसरी गायरान. ती जमीन सरकारी असते, पण गावाच्या चराईसाठी राखलेली असते. तिथं ग्रामपंचायतीला विचारावं. तिसरी राखीव वन. तिथं भारतीय वन अधिनियम, १९२७ हा कायदा लागू आहे. परवानगीवाचून शिरणं, विस्तव पेटवणं हा तिथं गुन्हा आहे. चौथी अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तो अधिक कडक आहे. परवाना नसेल तर आतच जाता येत नाही. मुक्कामाची तर गोष्टच दूर.

आपल्याकडे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सन २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. वासोटा किल्ला याच रानात आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून होडीनं जायचं, वन खात्याची परवानगी घ्यायची, गड पाहायचा आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. रात्री वर राहू देत नाहीत. कोणी "मी सोय करतो, पैसे द्या" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नये. दंड होईल आणि जीवही धोक्यात येईल.

इथं काही मंडळी विचारतील, "गुरुजी, रान आमच्या वाडवडिलांचं. धरणात आमची गावं गेली, अभयारण्यात आमची गुरं चरायची थांबली. आणि वर आम्हीच परवानगी मागायची?" हा प्रश्न खरा आहे. कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यातल्या पुष्कळ गावांनी आपली घरंदारं सोडली आहेत. तो सल आम्ही हलका मानत नाही. हक्कासाठी मार्ग आहे. वन हक्क अधिनियम, २००६ या कायद्याखाली ग्रामसभेतून दावा करता येतो. चराईचा हक्क, हिरडा-मधासारख्या वनउपजाचा हक्क मागता येतो. तो कागद वाचावा, अर्ज लिहावा. पण हक्काचं भांडण ग्रामसभेत करावं. रागाच्या भरात रानात विस्तव टाकू नये. रान जळालं तर हक्क कशावर सांगणार?

परदेशातही असे नियम आहेत. नॉर्वे देशात रानात हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे. सन १९५७ पासून तसा कायदा आहे. तरीही तंबू कोणाच्या राहत्या घरापासून १५० मीटर दूर लावावा लागतो. त्याच जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर मालकाला विचारावं लागतं. अमेरिकेतल्या पुष्कळ सरकारी रानांत १४ दिवसांपेक्षा अधिक एका जागी राहू देत नाहीत. पाण्यापासून सुमारे २०० फूट दूर उतरा, असं सांगतात. तिथली रानं आपल्यापेक्षा किती तरी मोठी आणि माणसं विरळ. तरी तिथं नियम लागतात. मग आपल्या गर्दीच्या मुलखात का लागू नयेत?

कधी जावे, कुठे उतरावे?

सह्याद्रीचा पाऊस सगळीकडे सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माणकडे जावं तर ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून माणच्या माणसाला जावळी-पाटणच्या पावसाचा अंदाज नसतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटमाथ्यावर उघड्यावर मुक्काम करूच नये. सन २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथं दरडी कोसळल्या. घरात झोपलेली माणसं गेली. जिथं घर टिकत नाही तिथं तंबूचं काय?

मुक्कामाला चांगले दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे. त्यानंतर गवत वाळतं आणि वणव्याचं भय वाढतं.

जागा निवडताना आधी वर पाहावं, मग खाली पाहावं. वर सुटलेली दरड आहे काय? डोक्यावर वाळकी फांदी आहे काय? कड्याला आग्या मोहोळ लटकलं आहे काय? मग खाली. ओढ्याच्या पात्रात उतरू नये. पात्र कोरडं असलं तरी वर डोंगरात वळवाचा पाऊस पडला तर घटकाभरात लोंढा येतो. खिंडीत उतरू नये, तिथं वारा झोंबतो. अगदी खोलगटात उतरू नये, रात्री गार हवा तिथं साठते. डोंगराच्या उतारावर मध्येच एखादा सपाट टप्पा लागतो, तो बरा.

पाणवठ्याला खेटून कधी उतरू नये. माणसाला वाटतं, पाणी जवळ बरं. पण रात्री पाणवठा जनावरांचा असतो. गवा येतो, सांबर येतं, डुक्कर येतं. आपण तिथं बसलो तर ती तहानलेली परत जातात किंवा अंगावर येतात. पाण्यापासून ऐंशी पावलं तरी दूर राहावं.

विजा चमकू लागल्या तर माथा सोडावा. एकट्या झाडाखाली उभं राहू नये. तंबू विजेपासून वाचवत नाही.

चूल आणि वणवा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

सन २०१८ च्या ११ मार्चला तामिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणी डोंगरात, काही तरुण मुलंमुली डोंगरभटकंतीला गेली होती. उतारावरचं गवत वाळलेलं होतं. वणवा लागला आणि तो त्यांच्यापर्यंत येऊन पोचला. वीसहून अधिक माणसं त्यात गेली. शिकलेली, धडधाकट माणसं होती ती.

आग चढावर वेगानं का धावते? वाळक्या काटकीला खालून काडी लावून पाहा. ज्वाला वर जाते आणि वरची काटकी आधीच तापते. तापलेली काटकी लगेच पेट घेते. डोंगराच्या उतारावर तसंच होतं. ज्वाला वरच्या गवताला आधी तापवते, मग पेटवते. माणूस चढावर धापा टाकत पळतो आणि आग त्याच्यापेक्षा जोरानं पळते. म्हणून वणव्यात सापडलं तर चढावर पळू नये. आगीच्या बाजूला सरकावं. उघडा खडक किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठावी. तोंडावर सुती कापड धरावं. नायलॉनचं कापड अंगाला चिकटून जळतं, ते टाकून द्यावं.

वणवा म्हणजे फक्त गवत जळणं नव्हे. आपल्याकडे एक समजूत आहे की डोंगर पेटवला की पुढल्या वर्षी गवत चांगलं येतं. राख पडते, दोन कोंब हिरवे दिसतात, हे खरं. पण उन्हाळ्यातली वैरण जाते. लहान रोपं मरतात, म्हणजे पुढची झाडं मरतात. भेकराची पिलं, पक्ष्यांची अंडी जळतात. उघड्या पडलेल्या मातीवर पहिला पाऊस कोसळतो आणि माती ओढ्यात जाते. मुरायचं पाणी वाहून जातं. मग मार्चपर्यंत वाहणारा झरा जानेवारीतच आटतो आणि बाईमाणसाला हंडा घेऊन दूर जावं लागतं. चूल एकाची, हंडा दुसरीच्या डोक्यावर.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य पाहा. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं रान. तो डोंगर एकेकाळी उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेतला, झाडं लावली, राखली. तिथं सांबर आणि चितळ सोडले. सन १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसानं हातानं उभं केलेलं रान आहे ते. असं रान उभं करायला एक पिढी लागते आणि जाळायला एक विडी पुरते.

तेव्हा चूल कशी करावी?

अभयारण्यात चूल करूच नये. घरून भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे बांधून न्यावेत. जिथं परवानगी आहे तिथं जुन्या चुलीच्या जागीच चूल करावी. चारी बाजूंनी सहा-सात पावलं गवत आणि पाला काढून माती उघडी करावी. चूल लहान असावी. पडलेली वाळकी काटकी घ्यावी, उभ्या झाडाची फांदी तोडू नये. वारा सुटला तर चूल पेटवू नये. पाण्याचा हंडा भरून जवळ ठेवल्यावाचून काडी ओढू नये.

विझवताना घाई करू नये. पाणी ओतावं, काठीनं राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावं. मग तळहात राखेजवळ न्यावा. ऊब लागली तर पुन्हा ढवळावं. तळहाताला ऊब लागत नाही तोवर विस्तव विझला असं मानू नये. नुसती माती लोटली तर खाली निखारा तसाच राहतो आणि दुपारच्या वाऱ्यानं जागा होतो.

वणवा दिसला तर वन खात्याचा फोन नंबर आहे १९२६. तो पाठ करून ठेवावा.

पाणी आणि परसाकडे

झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी उकळल्यावाचून पिऊ नये. वर कुठं जनावर मरून पडलं आहे हे आपल्याला दिसत नाही. आधी दुहेरी फडक्यानं गाळावं. मग खळखळ उकळी आली की आणखी एक मिनिट उकळू द्यावं. तुरटीनं गढूळपणा बसतो, पण रोग जात नाही. चूल करायची नसेल तर पिण्याचं पाणी घरून न्यावं किंवा क्लोरीनची गोळी वापरावी.

भांडी आणि कपडे झऱ्यात धुऊ नयेत. पाणी बाजूला काढून घ्यावं आणि दूर धुवावं. त्याच झऱ्यावर खाली एखादी वस्ती पाणी भरत असते.

परसाकडे जाताना पाण्यापासून आणि वाटेपासून ऐंशी पावलं दूर जावं. वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर माती लोटावी. प्रवासाचं प्लॅस्टिक, बाटल्या, पाळीचे कपडे, औषधांची पाकिटं हे काही पुरू नये. जनावरं उकरून काढतात. जे वर आणलं ते खाली न्यावं. भरलेली पिशवी चढवता येते, तर रिकामी पिशवी उतरवायला काय जड?

रानातले रहिवासी

रानात आपण पाहुणे. पाहुण्यानं घरातल्या माणसाची रीत सांभाळावी.

गवा दिसायला शांत, पण अंगानं डोंगर. त्याच्या जवळ जाऊ नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. वाट सोडून हळू बाजूला व्हावं. अस्वलाची नजर अधू असते. ते दचकलं की अंगावर येतं. म्हणून तिन्हीसांजेला झाडीतून जाताना बोलत, काठी वाजवत जावं. बिबट्याचा वावर असेल तिथं लहान पोराला एकटं सोडू नये. रात्री परसाकडे जाताना दोघांनी मिळून, कंदील किंवा बॅटरी घेऊन जावं. खायचं सामान उशाशी ठेवू नये. खरकटं इकडं तिकडं फेकू नये. वासानं जनावर येतं.

आग्या मोहोळाखाली धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये, ओरडू नये. माश्या उठल्याच तर घोंगडी डोक्यावरून घेऊन तिथून दूर निघावं. हातवारे करून झटकत बसू नये.

आता साप. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप फार माणसं मारतात. उघड्यावर झोपणाऱ्याला मण्यारीचं भय मोठं. ती रात्री हिंडते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो, कधी तर जाणवतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. रानात रात्री झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर "रात्रीचं काही बाधलं" म्हणून बसू नये. दवाखाना गाठावा. जमिनीवर नुसतं अंथरूण टाकून झोपण्यापेक्षा बंद तंबू बरा, किंवा मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चांगल्या दाबून झोपावं. सकाळी वहाणा झटकून घालाव्यात.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. झोळी करून, उचलून खाली आणावं आणि १०८ नंबरला गाडी बोलवावी. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. जीव वाचवते ती लस.

थंडीची गोष्टही सांगतो. डिसेंबरात डोंगरावर हाडं गारठतात. काही लोक तंबूत पेटती शेगडी घेऊन झोपतात. ते कधीही करू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. ऊब हवी तर घोंगडी वाढवावी, खाली वाळका पेंढा घालावा.

गावाने काय करावे?

शहरातली मंडळी येणारच. त्यांना हाकलून दिलं तर गावचा रोजगार जातो. मोकळं सोडलं तर गावचा डोंगर जातो. मधली वाट गावानंच काढली पाहिजे.

ग्रामसभेत बसून ठरवावं. तंबू कुठं लावायचे? शक्यतो मालकीच्या, आधीच तुडवलेल्या रानात. एका रात्री किती माणसं घ्यायची? गावचा झरा किती माणसांना पुरतो ते पाहून. चूल कुठं? एकाच ठरलेल्या जागी. दारू आणि मोठा बाजा नको. कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा. फेब्रुवारी संपला की विस्तव बंद. हे चार-पाच नियम मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून वाटेवर लावावेत.

आणि एक वही ठेवावी. तीत लिहावं: नाव, गाव, माणसं किती, डोंगरात कुठं गेली, कधी परत येणार, घरचा फोन नंबर. कोयनेच्या खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी मोबाइल लागत नाही. ठरल्या वेळी माणसं परत आली नाहीत तर ही वही पाहूनच शोधाला निघता येतं. वहीत नोंद नसेल तर कोणत्या डोंगरात शोधायचं?

बंधुभगिनींनो, ही वही कोण लिहिणार? काल-परवापर्यंत आपण म्हणत होतो, "तलाठ्याला विचारा, मास्तरांना विचारा." आता आपल्याला लिहिता येतं. वन खात्याचा फलक वाचता येतो. परवान्यावरची तारीख पाहता येते. वाटाड्या म्हणून जाणाऱ्या पोरानं परवाना स्वतः वाचावा. पाहुणा म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नये. अक्षरओळखीचा असा उपयोग झाला, की आमच्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराला बरं वाटतं.

ध्यानात ठेवा

१. जागा कोणाची ते विचारून, परवानगी घेऊन उतरावे.

२. पावसाळ्यात घाटमाथ्यावर उघड्यावर मुक्काम करू नये.

३. ओढ्याच्या पात्रात, दरडीखाली आणि पाणवठ्याला खेटून राहू नये.

४. अभयारण्यात विस्तव नाही. इतर ठिकाणी तळहाताला राख गार लागेपर्यंत विझवावे.

५. पाणी उकळून प्यावे. झऱ्यात धुणे-भांडी करू नयेत.

६. साप चावला तर न हलवता, उचलून दवाखान्यात न्यावे.

७. तंबूत शेगडी नको.

८. कुठे जातो आणि कधी येतो, ते घरी सांगून, वहीत लिहून जावे.

वाडा उठला की धनगराची म्हातारी एकदा जागेवरून फिरते. एखादं भांडं राहिलं आहे का, दोरी राहिली आहे का, चुलीत निखारा राहिला आहे का, ते पाहते. मगच घोडं हाकतात. आपणही रानातून निघताना एवढं करावं. पुढल्या वर्षी त्याच डोंगरावर गवत हवं आहे, झरा हवा आहे, आणि आपली लेकरं त्याच वाटेनं जायची आहेत.